बावीसचा आकडा

गेल्या महिन्यात एका रविवारी बहिणीकडे जेवायला गेले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून जेवणं उरकल्यावर भाच्याने टीव्हीवर ‘कॅसाब्लांका’ लावला. कॉलेजात कुणीतरी त्याला बघायला सांगितला होता. मी तो सिनेमा किती वेळा पाहिलाय याचा हिशेब आता राहिलेला नाही. पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या शेजारी बसून जुना सिनेमा बघताना आपण पडद्याइतकंच त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो, आणि ते मला फार आवडतं. सिनेमाचा नायक रिक, त्याच्या कॅफेला टाळं ठोकायची वेळ येते तो प्रसंग आला. इथे जुगार चालतो हे कळून आपल्याला धक्काच बसलाय, असं पोलिसांचा कॅप्टन रेनॉ ठासून सांगतो, आणि त्याच क्षणी एक ठेंगणासा माणूस अदबीने पुढे येऊन त्याच्या हातात नोटा ठेवतो. साहेबांनी जुगारात जिंकलेले पैसे. खोलीत सगळे खळखळून हसले. हसता हसता भाचा म्हणाला, “हा पैसे देणारा कोण गं मावशी?” मी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, “तो? तो कुणी नाही रे. एक्स्ट्रा असेल.”

मी काहीच बोलले नाही.

परतताना रिक्षाच्या ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि माझ्या डोक्यात तेवढेच दोन शब्द फिरत होते. कुणी नाही. भावजींचा राग येण्यासारखं काही नव्हतं. सिनेमा पुढे सरकत होता आणि त्यांना पुढचं बघायचं होतं. मला टोचत होतं ते माझं गप्प बसणं. मला त्या माणसाचं नाव माहीत होतं. मार्सेल दालिओ. उच्चारायला एक क्षण पुरला असता. पण नाव सांगून पुढे काय सांगणार होते? ‘फ्रेंच नट होता’ हे खरं, पण त्या ‘फ्रेंच’ शब्दापाशीच तर त्याच्या आयुष्याची सगळी गाठ आहे, आणि ती उलगडायला सिनेमा थांबवावा लागला असता. घरी आल्यावर मी श्रेयनामावली पुन्हा लावून पाहिली. त्याच सिनेमात रिकच्या मागे लागलेल्या इव्हॉनचं काम करणाऱ्या त्याच्या बायकोचं, मादलेन लबोचं, नाव आहे. त्याचं नाही. कागदावर पाहिलं तर भावजी बरोबरच बोलले होते.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात. तेव्हा मी कॉलेजात होते. असाच पावसाळा होता आणि सगळ्या हॉलला ओल्या रेनकोटांचा रबरी वास येत होता. सिनेमा होता फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा १९३७ सालचा ‘ग्रँड इल्यूजन’. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी आणि त्यांचे जर्मन पहारेकरी. बाहेर आल्यावर सगळे बोलत होते ते नायकाचं काम करणाऱ्या गाबँबद्दल, नाहीतर मानेला पट्टा लावलेल्या, जर्मन अधिकारी झालेल्या ताठ श्ट्रोहाइमबद्दल. माझ्या मनात मात्र घरून आलेली पार्सलं उघडणारा, दालिओने केलेला रोझेन्थाल बसला होता. रोझेन्थाल हा श्रीमंत ज्यू घरातला मुलगा. त्याच्या घरून खाण्यापिण्याच्या जिनसा येतात आणि त्याच्यामुळे कैद्यांचं टेबल पहारेकऱ्यांच्या टेबलापेक्षा सजलेलं असतं. दालिओ ते सगळ्यांना वाटतो ते पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्या यजमानासारखं. पण त्या आग्रहात एक बारीकशी काळजी असते: मी वाढतोय तोवर तुम्ही मला आपल्यातला म्हणाल ना? हे वाक्य सिनेमात कुठेच नाही. ते त्याच्या डोळ्यांत आहे. आपल्या घराण्याने पस्तीस वर्षांत तीन ऐतिहासिक वाडे विकत घेतले, शिकारीच्या रानांसकट आणि पूर्वजांच्या तसबिरींसकट, असं तो गाबँला सांगतो तेव्हाही त्या फुशारकीच्या तळाशी तेच असतं. ज्याचं घर खरोखर आपलं असतं, त्याला खरेदीखत दाखवावं लागत नाही.

पुढे दोघं कैदेतून पळतात. रोझेन्थालचा पाय मुरगळलेला, थंडी, पोटात काही नाही, आणि गाबँचा तोल सुटतो. तू म्हणजे पायातली बेडी आहेस, ज्यू लोक मला कधी आवडलेच नाहीत, असं काहीबाही ओरडून तो एकटाच पुढे चालायला लागतो. मागे राहिलेला दालिओ दगडावर बसून एका छोट्या जहाजाचं बालगीत मोठमोठ्याने म्हणायला लागतो. रडू येऊ नये म्हणून लहान मूल जसं मोठ्याने गातं, तसं. चालता चालता गाबँच्याही ओठांवर तेच गाणं येतं, गाता गाता तो थबकतो आणि थोड्या वेळाने परत येतो. माफीबिफी काही नाही. फक्त हात पुढे. तेव्हा हॉलमध्ये माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला होता. तो चष्मा मला अजून दिसतो. सिनेमाच्या शेवटी बर्फात दोघं स्वित्झर्लंडच्या सीमेशी येतात. समोर नुसतं पांढरं. सीमा कुठे आहे, असा प्रश्न पडतो, आणि सीमा दिसत नसतात, त्या माणसांनी काढलेल्या असतात, निसर्गाला त्याचं काही नाही, असं सांगणारा रोझेन्थालच असतो. ते संवाद म्हणणाऱ्या दालिओला तीनच वर्षांनी आपल्याला काय बघायचंय, याची काय कल्पना असणार?

तो जन्मला पॅरिसमध्ये, १८९९ साली. आईवडील रुमानियातून आलेले ज्यू, आडनाव ब्लाउशिल्ड. अभिनय शिकला तो पॅरिसच्या कॉन्झर्वात्वार या नाट्यविद्यालयात आणि विशीत पाऊल टाकलं ते रंगमंचावर, पहिल्यांदा गाण्याबजावण्याच्या, विनोदी प्रवेशांच्या रिव्ह्यूंमध्ये. त्या कामांचं आज आपल्या हाती काही नाही, नाटकाचं तसंच असतं. पण सिनेमातला दालिओ बघताना ती तालीम जाणवत राहते: मान किती वळवायची, हात कुठे थांबवायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवईची हालचाल कशी पोचवायची. उंची बेताची, केस काळेभोर, डोळे मोठे, नाक ठळक. फ्रेंच सिनेमाने हा चेहरा पाहिला आणि ठरवून टाकलं की हा माणूस संशयास्पद. चुगलखोर, दगाबाज, कुठून आला ते ठाऊक नसलेला इसम. १९३७ च्याच ‘पेपे ल मोको’मध्ये तो अल्जीअर्सच्या कसब्यातला, म्हणजे जुन्या वस्तीतला, खबऱ्या आहे. पॅरिसमध्ये जन्मलेल्या, पॅरिसच्या रंगमंचावर वाढलेल्या माणसाला त्याच्याच गावात परक्याची कामं मिळत होती. काम चोख करायचा तो. पण एखाद्याला रोज उठून तेच काम मिळावं, याचा अर्थ बघणाऱ्यांनी त्याच्याबद्दल आधीच काही ठरवलेलं असतं.

म्हणून रेन्वारने जे केलं ते मला फार धाडसाचं वाटतं. १९३९ च्या ‘रूल्स ऑफ द गेम’मध्ये त्याने दालिओला मार्क्वी, म्हणजे फ्रेंच उमराव, केलं. रॉबेर द ला शेने. सोलोन्यमध्ये मोठा वाडा, नोकरचाकर, शिकारीचा ताफा, घरात एक बायको आणि बाहेर एक मैत्रीण. अंगावर बेतून शिवलेले कपडे, डोळ्यांत काजळाची बारीकशी रेघ, आणि एक छंद: किल्ली दिली की गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा आणि वाद्यांचा. हा मार्क्वी सगळ्यांशी इतकं गोड बोलतो की कुणालाच दुखवत नाही आणि म्हणूनच सगळ्यांना थोडंथोडं दुखवतो. रेन्वारने त्याच्यात आणखी एक धागा ओवून ठेवला आहे. खाली भटारखान्यात नोकर जेवायला बसलेले असतात आणि कुणीतरी कुजबुजतो, की मालकांच्या आईचे वडील रोझेन्थाल होते, थेट फ्रँकफर्टहून आलेले. दोन वर्षांपूर्वीच्या सिनेमातलं ते आडनाव. तीन वाडे विकत घेणाऱ्यांच्या नातवाला आता वाड्यातलेच नोकर तोलत असतात.

त्यावर आचारी जे बोलतो ते मला तोंडपाठ आहे. बटाट्याचं सॅलड करायचं तर बटाटे अगदी चटके बसतील इतके गरम असतानाच त्यांच्यावर पांढरी वाइन ओतावी लागते. हाताखालच्या पोराने बोटं भाजतील म्हणून ते केलं नाही, आणि मालकांनी ते लगेच ओळखलं. तुम्ही त्यांना काय म्हणायचं ते म्हणा, आचारी सांगतो, पण हा खानदानी माणूस आहे. माझी आजी कोशिंबिरीवर फोडणी गार झाल्यावर पडली की ताटावर बसल्याबसल्या नुसत्या वासावरून सांगायची, त्यामुळे त्या आचाऱ्याचा शब्दन् शब्द मला पटतो. जिभेला कुळाचा दाखला लागत नाही. सगळ्या सिनेमाभर वरच्या मजल्यावरची माणसं ला शेनेला आपला म्हणावं की नाही याच्या हिशेबात असतात, आणि त्याची खरी पावती येते ती तळघरातल्या चुलीपाशी.

आणि मग तो शॉट. वाड्यात पाहुण्यांपुढे करमणुकीचे कार्यक्रम चालू असतात आणि ला शेने पडदा बाजूला सारून आपली नवी खरेदी दाखवतो: एक भलंमोठं यांत्रिक ऑर्गन, दिव्यांच्या माळा लावलेलं, रंगवलेल्या बाहुल्या घंटा वाजवताहेत. कॅमेरा त्या बाहुल्यांवरून सरकत सरकत दालिओवर येऊन थांबतो. तो काहीच बोलत नाही. रुमालाने तोंड टिपतो, ओठ दाबतो, हसू येतं ते आवरतो, पुन्हा येतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्वतः केलेलं काहीतरी दाखवणाऱ्या मुलाचा अभिमान त्या चेहऱ्यावर असतो, आणि आता लोक हसतील की काय ही भीतीही त्याच जागी, त्याच क्षणी असते. एक पुसून दुसरं येत नाही, दोन्ही एकदम. रेन्वारने त्या एका शॉटसाठी पुन्हा पुन्हा कॅमेरा चालवला होता, आणि आपण आयुष्यात घेतलेला हा बहुधा सगळ्यात चांगला शॉट, असं तो पुढे म्हणाला. साठीच्या दशकात दिग्दर्शक जाक रिव्हेत याने टेलिव्हिजनसाठी केलेल्या कार्यक्रमात म्हातारा रेन्वार आणि म्हातारा दालिओ त्याच वाड्याच्या पायऱ्यांवर बसून बोलताना दिसतात. मला का निवडलंस, असं दालिओ विचारतो. त्या माणसाच्या मुळाशी जी धाकधूक आहे ती दाखवू शकणारा नट तूच होतास, अशा अर्थाचं उत्तर रेन्वार देतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मित्राला असं सांगायला आणि मित्राकडून असं ऐकून घ्यायला किती विश्वास लागत असेल.

७ जुलै १९३९ ला पॅरिसच्या कोलिझे थिएटरात तो सिनेमा पहिल्यांदा दाखवला आणि लोक चवताळले. एक गृहस्थ तर वर्तमानपत्र पेटवून थिएटरला आग लावू बघत होते, अशी आठवण रेन्वारने सांगून ठेवली आहे. रागाची कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक उघड होतं: ज्यू नटाने फ्रेंच उमरावाचं काम करावं? रेन्वार घाबरून कात्री चालवत गेला, तरी उपयोग झाला नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर देशाचं मनोधैर्य खचवणारा म्हणून सिनेमावर बंदी आली, आणि पुढे बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही गेली. युद्धानंतर डब्यांत विखुरलेले तुकडे गोळा करून दोन चित्रपटवेड्या माणसांनी तो १९५९ साली पुन्हा उभा केला म्हणून तो ऑर्गनचा शॉट आज आपल्याला दिसतो. मला कधी कधी रात्री वाटतं, ते डबे सापडले नसते तर? तर त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चेहरा नाहीसा झाला असता आणि उरला असता तो फक्त नोटा देणारा हात.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीशी आल्या तेव्हा दालिओ बायकोला घेऊन निघाला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, मादलेन अजून विशीतही नव्हती, तो चाळिशीचा. स्पेनमधून लिस्बन. तिथे दोन महिने व्हिसासाठी खेटे घातल्यावर चिली देशाचे व्हिसा मिळाले, पैसे मोजून. मग ‘क्वांझा’ नावाची बोट. अटलांटिक ओलांडून बोट मेक्सिकोला लागली तेव्हा कळलं की ते व्हिसा खोटे आहेत. एकट्या त्यांचेच नव्हे, बोटीवरच्या कितीतरी लोकांचे. मागे जायची सोय नाही, पुढे उतरू देत नाहीत. सीमा माणसांनी काढलेल्या असतात असं पांढऱ्या बर्फाकडे बघत म्हणणारा माणूस आता एका बंदरात हातातल्या खोट्या कागदाकडे बघत होता. शेवटी कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट हाती आले आणि त्या आधाराने दोघं अमेरिकेत शिरली.

इकडे पॅरिसमध्ये त्याचा चेहरा भिंतींवर चिकटवला गेला. ज्यू कसा दिसतो ते ओळखायला शिका, म्हणून नाझींनी लावलेल्या पोस्टरांवर नमुना म्हणून त्याचा फोटो होता. नाक, डोळे, ओठ. ज्या चेहऱ्यावर रेन्वारने कॅमेरा थांबवून अभिमान आणि भीती एकत्र टिपली, तोच चेहरा रस्त्यावरच्या लोकांनी ओळख पटवण्यासाठी बघायचा. त्याचे आईवडील छळछावण्यांत मारले गेले. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

आता ‘कॅसाब्लांका’. हा सिनेमा कशाबद्दल आहे? युरोपातून जीव घेऊन पळालेले लोक, एका गावात अडकून पडलेले, लिस्बनच्या विमानाकडे डोळे लावून बसलेले, व्हिसासाठी दागिने विकणारे, फसवले जाणारे. १९४२ च्या उन्हाळ्यात हॉलिवूडच्या स्टुडिओत हे उभं करत होते तेव्हा त्या गर्दीतली कितीतरी माणसं खरोखर तशी आलेली होती, आणि त्यांतल्या एकाने तर लिस्बनचे ते दोन महिने आणि तो खोटा व्हिसा स्वतः भोगलेला होता. त्याला त्यांनी कोणतं काम दिलं? जुगाराच्या अड्ड्यावर रूलेटच्या चाकाशी उभ्या राहणाऱ्या एमिलचं. आदल्याच वर्षी ‘शांघाय जेस्चर’मध्येही तो रूलेटचं चाक फिरवत होता. तीन वर्षांपूर्वी नोकरचाकरांनी भरलेल्या वाड्याचा मालक होता तो पडद्यावर. मला कुणी विचारलं तर नटाच्या आयुष्यातला अपमान तो हाच, असं मी विशीत असताना म्हणाले असते. आज तसं म्हणवत नाही. कारण त्या तुटपुंज्या भूमिकेत त्याने काय केलंय ते मी नंतर नीट पाहिलं. सुरुवातीला एक जण वीस हजार फ्रँक जिंकून गेला म्हणून तो रिककडे येतो, तेव्हा हातून चूक झालेल्या नोकराची शरम त्याने अशी दाखवली आहे की रिकला त्याची समजूत काढावी लागते. एखाद्या मिनिटाचं काम, पण एमिलला घर आहे, पगाराची चिंता आहे, मालकावर जीव आहे, हे सगळं त्यात येऊन जातं.

आणि त्याच दिवसांत, सिनेमाचं काम चालू असताना, त्याचं आणि मादलेनचं लग्न मोडलं. सगळा कॅफे उभा राहून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतो तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. जगभरच्या लोकांना तो चेहरा पाठ आहे. एकोणीस वर्षांची मुलगी होती ती, आणि रडताना तिला पॅरिसमधलं कोणतं घर दिसत होतं ते तिलाच ठाऊक. २०१६ साली ती गेली तेव्हा त्या सिनेमात नाव झळकलेल्यांपैकी शेवटचं माणूस गेलं, असं सगळीकडे छापून आलं होतं. मी तेव्हा दालिओचाच विचार करत होते. दोघांनी एकाच बोटीतून समुद्र ओलांडला, एकाच सिनेमात काम केलं, आणि किनाऱ्याला लागल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. यात दोष कुणाचा, हे शोधायची मला कधीच इच्छा झाली नाही. इतकं पाणी ओलांडल्यावर लग्न टिकणं हाच चमत्कार म्हणायचा.

पुढे हॉलिवूडला फ्रेंच माणूस लागला की दालिओला बोलावणं जायचं. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मध्ये तो मार्तिनिकमधला हॉटेलवाला आहे आणि ‘कॅसाब्लांका’त रिक झालेला बोगार्ट त्याला हाकच मारतो ‘फ्रेंची’ म्हणून. ‘विल्सन’मध्ये तो चक्क क्लेमांसो आहे, फ्रान्सचा पंतप्रधान. ‘सब्रीना’त पॅरिसच्या पाककलेच्या वर्गात भेटणारा म्हातारा बॅरन, ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये मरिलिन मन्रोचा खटला चालवणारा न्यायाधीश, जॉन फोर्डच्या ‘डोनोव्हन्स रीफ’मध्ये बेटावरचा पाद्री. हे मी जेव्हा एकापाठोपाठ एक बघत गेले तेव्हा मला एक गोष्ट दिसली आणि ती मनातून जाईना. पॅरिसने त्याला खबऱ्या केलं, परका केलं, शेवटी भिंतीवर नमुना म्हणून लावलं. अमेरिकेने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दिसला फ्रेंच माणूस. निव्वळ फ्रेंच. ज्या ओळखीसाठी रोझेन्थाल पार्सलं वाटत होता आणि ला शेने पाहुण्यांपुढे ऑर्गन उघडत होता, ती ओळख दालिओला मिळाली ती दुसऱ्या भाषेत, दुय्यम कामांत, कधी कधी नावाशिवाय. यात त्याला आनंद झाला असेल का? मी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहते आणि मला दोन्ही वाटतं. हायसं वाटतं, आणि घशाशी आवंढाही येतो.

युद्ध संपल्यावर तो फ्रान्सला परतला. पुन्हा काम, पुन्हा बहुतेक अंधाऱ्या गल्ल्यांतल्या भूमिका: नटी सिमोन सिन्योरेबरोबर ‘देदे द’आंव्हेर’मध्ये तो बाई पोसणारा नीच माणूस आहे, ‘क्लास तू रिस्क’मध्ये चोरीचा माल घेणारा. काम तसंच चोख. मध्येच अमेरिका, परत पॅरिस. रेन्वारसारखी भूमिका नंतर त्याला कुणी दिली नाही, याचं मला मनापासून दुःख आहे, आणि ते झाकावं असं वाटत नाही. मोठ्या नटाला एका दिग्दर्शकाने एकदा पाहिलं आणि बाकीच्यांनी वापरलं, अशी उदाहरणं प्रत्येक भाषेत असतात. पण १९७३ साली एक गोष्ट घडली. ‘रॅबाय जाकोब’ नावाचा एक धमाल विनोदी सिनेमा आला, विनोदी नट लुई द फ्युनेसचा. त्यात ज्यूंना नाकं मुरडणारा एक कारखानदार योगायोगाने रॅबायच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, वेषात अडकतो. ज्याच्या नावाने तो वावरतो तो खरा रॅबाय जाकोब, अमेरिकेत तीस वर्षं काढून पॅरिसला परतणारा, हसऱ्या डोळ्यांचा, पांढऱ्या दाढीचा, सगळ्यांना हवाहवासा म्हातारा, हे काम दालिओचं. फ्रान्समध्ये सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली. थिएटरं भरभरून फ्रेंच लोक त्या चेहऱ्याकडे बघून हसले, आणि ते हसणं मायेचं होतं. कधीकाळी त्याच शहरात तोच चेहरा ओळखायला लोकांना शिकवला गेला होता. दहा वर्षांनी, १९८३ च्या नोव्हेंबरात, तो पॅरिसमध्येच वारला.

हे सगळं त्या रविवारी एका वाक्यात कसं सांगणार होते?

परवा भाचा माझ्याकडे आला. पुस्तकं परत द्यायला म्हणून आला आणि चहाला थांबला. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तू एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर दिलं नाही, आता पाच मिनिटं बस. गोष्ट सांगण्याआधी मी ‘कॅसाब्लांका’तला एकच प्रसंग लावला. बल्गेरियातून पळून आलेलं एक नवखं जोडपं असतं. व्हिसाला पैसे नाहीत, म्हणून नवरा रूलेटवर उरलेसुरले पैसे लावतो आणि हरत असतो. बायको कॅप्टनला कोणती किंमत मोजायची या विचाराने रिकपाशी येऊन रडून गेलेली असते. रिक टेबलापाशी येतो आणि त्या पोराला विचारतो, बावीसवर लावून पाहिलंस का? आणि नजर चाकापाशी उभ्या असलेल्या एमिलकडे. भाच्याला मी सांगितलं, “चेंडूकडे बघू नकोस. चाक फिरवणाऱ्याकडे बघ.” चाक फिरतं. बावीस. रिक म्हणतो, तिथेच राहू दे. पुन्हा बावीस. पैशांचा ढीग त्या पोराकडे सरकतो, ते जोडपं सुटतं, आणि नंतर रिकने आज धंदा कसा काय असं विचारल्यावर एमिल म्हणतो, वाटलं होतं त्यापेक्षा दोनेक हजार कमी.

मग मी त्याला लिस्बन सांगितलं, बोट सांगितली, खोटे व्हिसा सांगितले. भिंतीवरचं पोस्टर सांगितलं. चहा गार झाला. तो बराच वेळ पडद्यावर थांबलेल्या चित्राकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “मावशी, म्हणजे यांच्या व्हिसाचे पैसे तो देतोय.”

“हो.”

“मागे घे ना परत.”

मी मागे घेतलं. दालिओने एकदा रिककडे पाहिलं, मान अगदी किंचित हलली, आणि चाकावर हात ठेवला.

“नाव काय म्हणालीस?” भाच्याने विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.

“मार्सेल दालिओ,” तो स्वतःशीच म्हणाला. चेंडू बावीसवर येऊन थांबला होता.